कोल्ह्यांच्या आधी खाण बंद झाली होती

मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो : ‘प्रस्तुत कथेतील मानव आणि निसर्ग यांच्यातील संघर्ष स्पष्ट करा.’ त्याचे उत्तरही ठरलेले आहे. एकीकडे रौद्र निसर्ग, दुसरीकडे एकटा माणूस, मध्ये त्याची जिद्द. आणि शेवटी ‘जो समर्थ तोच टिकतो, हा सृष्टीचा नियम आहे’ असे एक वाक्य. गाइडात ते जाड टाइपात छापलेले असते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या हजारो मुलामुलींनी हे उत्तर लिहिले, गुण मिळवले आणि पुढे गेले. उत्तराबद्दल नंतर बोलू. माझा पहिला आक्षेप प्रश्नावरच आहे. या देशात माणूस आणि निसर्ग अशी समोरासमोर लढत होत नाही. मध्ये गाव उभे असते. गावाला वेस असते, वेशीबाहेर वस्ती असते. पुराचे पाणी आधी कुठे शिरणार, कुठला आड आधी आटणार, रात्रीच्या अंधारात साप कुणाच्या पायाखाली येणार, हे त्या वेशीने बरेचसे आधीच ठरवून टाकलेले असते.

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. वारणेकाठचा भीमा पोट भरायला मुंबईला येतो. अंगात पहाडासारखी ताकद आहे, पण मुंबईत ताकदीला काम मिळेलच असे नाही. उपनगरातल्या जंगलालगतच्या खाणीत त्याला दगड फोडायचे काम मिळते. मग खाण बंद पडते. बायको आणि लहान मुलगी घेऊन तो तिथेच अडकतो. एके दिवशी चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो राख चाळायला लागतो, पुढे रात्रीची मढी उकरायला लागतो. अशाच एका रात्री एका बड्या माणसाच्या ताज्या मढ्यावर तो आणि कोल्ह्यांची टोळी एकाच वेळी पोचतात. भीमा कोल्ह्यांशी लढतो आणि जिंकतो. पण मढ्याच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. बोटे जातात. आणि बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्याला नेमकी तेव्हा कळते.

वर्गात ही कथा शिकवली जाते तेव्हा तास कोल्ह्यांवर जातो. अंधार, घनदाट जंगल, हिंस्र श्वापदे, माणसातले आदिम पशुत्व. ‘जगण्यासाठी माणूस कोणत्या थराला जातो’ हे वाक्य मी किमान तीन प्राध्यापकांकडून ऐकले आहे. खाण मात्र सगळे ओलांडून जातात. खाण म्हणजे त्यांच्या लेखी कथेची पार्श्वभूमी.

मी सध्या संशोधनासाठी चंदीगडला असते. सेक्टर २२ मधल्या एका घराच्या गच्चीवर बरसाती आहे. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि जानेवारीत बर्फ. तिथे दोन मैत्रिणी भाड्याने राहतात. महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच-सहा जण तिथे जमतो आणि प्रत्येकाने आपल्या भाषेतली एक गोष्ट हिंदीत सांगायची, असा रिवाज आहे. मी ‘स्मशानातील सोनं’ सांगितली. कोल्ह्यांच्या प्रसंगी सगळे श्वास रोखून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर कुणी अण्णाभाऊंच्या वर्णनाबद्दल बोलले, कुणी भीमाच्या हिंमतीबद्दल. संगरूरकडचा एक मित्र गप्प होता. त्याचे वडील आयुष्यभर जाट जमीनदाराकडे सीरी होते. आपल्याकडच्या सालगड्याशी जुळणारी ती प्रथा. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘लेकिन खदान बंद किसने की?’

साहित्याची एकही पदवी नसलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न मला मराठी समीक्षेच्या एकाही पुस्तकात भेटलेला नाही. खाण निसर्गाने बंद केली नव्हती. दगड संपला म्हणून कोल्हे गावात आले, असे काही घडले नव्हते. खाणीला मालक होता. काम बंद करताना मजुरांच्या पोटाचे काय, हे त्याला कुणी विचारले नाही. भीमा कोल्ह्यांसमोर गेला तो या बंद खाणीतून गेला. आणि मढ्याकडे गेला तेही काही आकाशातून पडून नव्हे. मढ्यावरचे कापड कुणी घ्यायचे, मेलेले ढोर कुणी ओढायचे, हे आपल्या गावगाड्याने पिढ्यानपिढ्या वाटून दिले होते. मेलेल्यांच्या आसपास जगायचे ही काही माणसांची ‘प्रवृत्ती’ नव्हती, ती त्यांच्यावर टाकलेली कामाची वाटणी होती. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आले होते. त्यांना जंगलाचे भय ठाऊक होते आणि खाणीचेही. त्यांनी दोन्ही लिहिले. वाचणाऱ्यांनी एकच वाचले.

शाळेत आपण प्रयोग शिकलो : कर्तरी, कर्मणी, भावे. भावे प्रयोगात क्रियापद कुणाशीच जुळत नाही, ना कर्त्याशी ना कर्माशी. आपली बरीच समीक्षा आणि बरीच पत्रकारिता या भावे प्रयोगात चालते, आणि जिथे कर्ता द्यावाच लागतो तिथे निसर्गाला बसवून दिले जाते. ‘दुष्काळाने गाव ओस पाडले.’ ‘थंडीने फुटपाथवरच्या वृद्धाचा बळी घेतला.’ ‘विषारी वायूने दोन सफाई कामगारांना गिळले.’ व्याकरण अगदी बिनचूक. वायूला पाय फुटले आणि तो चालत येऊन कामगारांना खाऊन गेला, असे वाटावे. त्या कामगारांना दोरी-मुखवट्याशिवाय गटारात कुणी उतरवले, तो कर्ता वाक्यात नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारात मरणाऱ्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. न्यायालय भरपाई कुणाकडून घेते? वायूकडून घेत नाही. म्हणजे कर्ता कोण ते कायद्याला कळलेले आहे, बातमी लिहिणाऱ्याला अजून कळायचे आहे.

आता ‘जो समर्थ तोच टिकतो’ याकडे येऊ. हे वाक्य डार्विनच्या नावावर खपते. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ सालचा. डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. त्यातल्या ‘समर्थ’चा अर्थ बलवान असाही नाही. भोवतालच्या परिस्थितीत जो बसतो, जुळतो, तो. या हिशेबाने झुरळ फार समर्थ आहे. स्पेन्सरने मात्र हा विचार समाजाला लावला आणि गरिबांना सरकारने मदत करू नये इथपर्यंत नेला. मराठीत या इंग्रजी शब्दांना बरेच जण ‘बळी तो कान पिळी’ असा प्रतिशब्द देतात. मला ही म्हण जास्त प्रामाणिक वाटते. तिच्यात निदान कान पिळणारा दिसतो, आणि ज्याचा पिळला जातो तो कानही दिसतो.

हा ‘नियम’ पुस्तकात राहिला असता तर वाद नव्हता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यात माणसे रस्त्याकडेला मरत होती, तेव्हा लिटनच्या सरकारने धान्याच्या बाजारात हात घालणार नाही असे धोरण ठेवले. धान्य बोटीने बाहेर जात राहिले. पाऊस पडला नव्हता हे खरे. धान्य नव्हते हे खरे नव्हे. त्याच १८७७ साली सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नाची सोय केली. जोतीराव आणि सावित्रीबाई त्यामागे होते. वीस वर्षांनी प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. स्पेन्सरच्या हिशेबात ही बाई नापास. आपण शिकलो-सवरलो ते मात्र तिच्यासारख्यांमुळे. टिकलेल्यांच्या यादीत पुण्यातले कितीतरी सुखवस्तू वाडे होते, त्यांच्यामुळे नव्हे.

बाबासाहेबांनी हा मुद्दा एकदा नव्हे, दोनदा घेतला आहे आणि आपल्याच लोकांना तो फारसा माहीत नाही, म्हणून थोडा थांबते. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिले. मंडळाने परिषदच रद्द केली, भाषण ‘जातिसंहार’ म्हणून छापले गेले. (ज्या लाहोरात ते व्हायचे होते ते शहर फाळणीत गेले आणि पंजाबला राजधानी हवी म्हणून चंदीगड बांधले. इथे राहताना ही गोष्ट मला वरचेवर आठवते.) त्या भाषणात बाबासाहेब राधाकृष्णन यांचा समाचार घेतात. राधाकृष्णन यांचा युक्तिवाद असा होता, की हिंदू संस्कृती इतकी शतके टिकली, यातच तिची थोरवी आहे. बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे : समाज जगला की मेला हा प्रश्नच नव्हे, तो कोणत्या पातळीवर जगला हा प्रश्न आहे. लढून मानाने जगणे हा टिकण्याचा एक प्रकार आणि शरण जाऊन कैद्यासारखे जगणे हाही एक प्रकारच. नुसते टिकण्यात कौतुक करण्यासारखे काही नाही.

दुसऱ्यांदा ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये येतात. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. धम्म समतेचा पुरस्कार का करतो, हे सांगताना ते या जगण्याच्या झगड्याच्या सिद्धान्तालाच हात घालतात. झगड्यात जो टिकतो तो बलवान असेल, पण तो उत्तम असतो का? दुबळ्याला आधार दिला तर तोच पुढे समाजाच्या अधिक उपयोगी पडणार नाही कशावरून? समाजाला गरज उत्तमाची आहे, निव्वळ टिकणाऱ्याची नव्हे, म्हणून समता. आरक्षणाच्या वादात कुणी ‘मेरिट’ असे म्हटले की आपण आकडेवारी शोधायला धावतो. उत्तर आपल्या घरातल्या फडताळावर, बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलेले असते.

इथे मला आपल्याच काही वक्त्यांशीही भांडायचे आहे. अलीकडे जयंतीच्या व्यासपीठांवर एक नवे वाक्य टाळ्या घेते : ‘हजारो वर्षे यांनी आपल्याला मारले, तरी आपण टिकलो, म्हणजे खरे फिटेस्ट आपणच!’ ऐकायला बरे वाटते. पण यात आपण त्यांचीच फूटपट्टी हातात घेतो. आपले पूर्वज मेलेल्या ढोराचे मांस खाऊन दुष्काळातून वाचले. त्या परिस्थितीत ‘जुळून घेणे’ म्हणतात ते हेच. लेकरे जगवायला ज्या आयांनी ते खाल्ले त्यांना लाज वाटण्याचे काही कारण नाही, लाज ती व्यवस्था करणाऱ्यांची आहे. पण बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत काय सांगितले? मृत मांस सोडा. म्हणजे टिकून राहायचा जो एक हमखास मार्ग होता तोच सोडा. आणि २० मार्चला चवदार तळ्यावर गेले. पाणी निसर्गाचे, तळे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केलेला, आणि तरी पाण्याला हात लावल्यावर डोकी फुटली. उन्हाने नाही फुटली. काठ्या कुणाच्या होत्या ते सगळ्यांना माहीत आहे. ‘आपण फिटेस्ट’ म्हणणाऱ्याला महाड समजावून सांगता येणार नाही, कारण टिकण्याच्या दृष्टीने महाडला जाणे शहाणपणाचे नव्हतेच.

माणूस विरुद्ध निसर्ग म्हणून ज्या कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या जातात, त्या या नजरेने उघडून पाहिल्या की गंमत दिसते. रॉबिन्सन क्रुसो (१७१९) निर्जन बेटावर एकटा, स्वतःच्या हिमतीवर संसार उभा करतो. बोट फुटली तेव्हा हा गृहस्थ ब्राझीलमधल्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघाला होता, हे बालवाचकांच्या आवृत्त्यांमधून बहुधा गळलेले असते. बेटावर फुटक्या जहाजातली हत्यारे, बंदुका, दारू त्याच्याबरोबर आहेत, आणि पुढे ‘फ्रायडे’ मिळाल्यावर तो त्याला पहिल्यांदा ‘मालक’ म्हणायला शिकवतो. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी बराच प्रामाणिक आहे. पु. ल. देशपांड्यांनी त्याला ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणले. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही. मासा लागतो तेव्हा तो म्हातारा त्याच्या बळाचे कौतुक करतो आणि त्याच वेळी मनात पौंडाला तीस सेंटांचा हिशेबही मांडतो. शार्कांनी मासा खाल्ला ही शोकांतिका आपण लक्षात ठेवतो. इतक्या वयात, इतक्या लहान होडीत, इतक्या खोल समुद्रात त्याला एकट्याला का जावे लागले, याचा हिशेब त्या तीस सेंटांत आहे.

आणि ‘बनगरवाडी’ (१९५५). मी माणदेशातली आहे, त्यामुळे या कादंबरीबद्दल वाईट बोलणे मला जड जाते. ती माती, ते उजाड माळ, मेंढरांचा वास माडगूळकरांनी जसा लिहिला तसा कुणी लिहिला नाही. शेकूकडे एकच बैल आहे आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जुवाला लागते, हे एकदा वाचले की विसरता येत नाही. पण शेवटी दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, वाडी उठून जाते, आणि हे सगळे पाहणारा मास्तर हा औंध संस्थानाचा नोकर आहे. दुष्काळात धनगराची मेंढी मरते, मास्तरचा पगार मरत नाही. म्हणून मास्तर दुष्काळाकडे हळहळत पाहू शकतो. कादंबरीचा तो दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी मात्र त्या पगाराचा उल्लेखही करू नये याचे आश्चर्य वाटते. ‘निसर्गापुढे हतबल माणूस’ असे लिहून ते मोकळे होतात. माझी आजी त्याच माणदेशात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. ती दुष्काळाबद्दल बोलते तेव्हा आभाळ तिच्या बोलण्यात जवळजवळ नसतेच. मुकादम असतो, हजेरीचा कागद असतो, सुकडी असते, लाल मिलोच्या भाकरी असतात. आणि गावातली एक विहीर असते, जिला तेव्हाही पाणी होते आणि जिच्यावर आमच्या बायकांना दुरून घागर धरून उभे राहावे लागे, कुणी वरून ओतेपर्यंत. तिला ‘निसर्गाशी संघर्ष’ म्हणजे काय ते विचारले तर ती म्हणेल, कुणाशी?

अण्णाभाऊंचा फकिरा (१९५९) आजीच्या बाजूचा आहे. लोक उपासमारीने मरायला लागतात तेव्हा तो आभाळाकडे बघत बसत नाही, धान्याच्या कोठाराकडे जातो. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली हे काही योगायोगाने नव्हे.

ज्या सेक्टरमधल्या गच्चीवर बसून आम्ही या गोष्टी सांगतो, त्याची गोष्टही हीच आहे. चंदीगडमध्ये अगदी सुरुवातीला जे सेक्टर बांधले गेले त्यांत २२ होता. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिअर जनरे यांनी तिथली घरे काढली. ले कॉर्बुझिएच्या कचेरीत त्या सुमारास इथल्या हवामानाचा तक्ता केला गेला : कोणत्या महिन्यात ऊन किती, ओल किती, वारा कुठून, आणि त्यावर भिंती-खिडक्यांचा उपाय काय. वाचताना वाटते, हा खरा माणूस विरुद्ध निसर्ग सामना, आणि माणूस जिंकलाही. पण सरकारी घरांचे नमुने पगारावर ठरले होते. आकडा जितका मोठा तितका पगार लहान आणि घर लहान. वरच्या साहेबाच्या वाट्याला मोकळी हिरवळ, उंच छत, दाट सावली. शिपायाच्या वाट्याला दोन खोल्या आणि अंगण. जेन ड्रूबाईंनी शिपायाच्या घरालाही स्वयंपाकघर, संडास आणि बाहेर झोपायला जागा मिळावी याची काळजी घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्या काळच्या आपल्या बहुतेक गावांत आणि शहरांत तेवढेही नव्हते. तरी ऊन पगाराच्या श्रेणीप्रमाणे लागेल अशी सोय त्या आराखड्यातच होती. आणि ज्यांनी विटा वाहिल्या, सिमेंट कालवले, त्या मजुरांना तर नकाशावर जागाच नव्हती. मधू सारीन यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात हे तपशिलाने मांडले आहे, की आखीव शहराबाहेरच्या मजुरांच्या वस्त्या हा अपघात नव्हता, आखणीतच त्यांना वगळलेले होते. आज डिसेंबरच्या रात्री सेक्टर २२ च्या बाजारात दुकाने बंद झाली की व्हरांड्यात माणसे गोधड्या ओढून झोपतात. सकाळी एखादा उठला नाही तर दुसऱ्या दिवशी बातमीतला कर्ता ‘थंडी’ असतो.

संगरूरच्या त्या मित्राने पुढच्या खेपेला गुरदयाल सिंग यांची ‘मढी दा दीवा’ (१९६४) सांगितली. जगसीर हा दलित सीरी. ज्या तुकड्यावर त्याच्या बापाने घाम गाळला तो त्याचा नाही, तिथली शिसवीची ताहली त्याची नाही. जुन्या मालकाच्या शब्दावर जे चालत होते ते मालकाच्या मुलाच्या काळात संपते आणि झाडावर कुऱ्हाड पडते. कादंबरीत वादळ आहे, पाऊस आहे, पण झाड वादळाने पडत नाही. आमच्यातल्या बिहारच्या मैत्रिणीने लगेच कोसीच्या पुरातली तिच्या टोलीची हकिगत सांगितली : बांधावर आधी कुणाचे तंबू लागले आणि कुणाचे शेवटी. रात्री एकपर्यंत आम्ही तेच बोलत होतो. कुणीही ‘मानवी जिद्द’ हा शब्द वापरला नाही.

साहित्याचा हा प्रश्न मी इतका ओढून का धरते, तर तो वर्गात संपत नाही म्हणून. ‘टिकणे’ हा शब्द आपल्या विद्यापीठांत रोज वापरला जातो. धान्य टिकते, रंग टिकतो, लोणचे टिकते. तसा संशोधक विद्यार्थी टिकतो किंवा टिकत नाही. रोहित वेमुला गेला तेव्हा आणि डॉ. पायल तडवी गेली तेव्हा ‘ताण सहन झाला नाही’ असे म्हणणारे लोक आपण ऐकले. ताण जणू उन्हाळ्यासारखा, सगळ्यांना सारखा लागणारा, काहींची कातडी जरा नाजूक. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला आणि मे २०१९ मध्ये मुंबईला नेमके काय झाले, वसतिगृहातून कुणाला काढले, कुणाची फेलोशिप थांबली, वॉर्डात कुणी कुणाला काय बोलले, हे सगळे त्या एका ‘ताण’ या शब्दात बुडून जाते. जंगलाचा नियम वर्गात शिकवलेला असतो, तो असा उपयोगी पडतो.

माझ्याबरोबर पीएच.डी.ला प्रवेश घेतलेली एक मुलगी दुसऱ्या वर्षी सोडून गेली. विद्यापीठाचे नाव घेत नाही, तुम्ही तुमचे घाला. घरची पहिली पदवीधर, वडील ऊसतोडीला जाणारे. तिची फेलोशिप नऊ महिने अडकली होती, कारण एका कागदावर एक सही हवी होती आणि सही करणारे गृहस्थ प्रत्येक वेळी पुढच्या सोमवारी या म्हणत. वसतिगृहाचे पैसे तिने दोन ठिकाणी शिकवण्या घेऊन भरले. प्रगती अहवालाला उशीर झाला तेव्हा समितीने तिच्या ‘गांभीर्या’वर शंका घेतली. ती गेल्यावर विभागाच्या चहाच्या वेळी एक प्राध्यापक हळहळून म्हणाले, ‘हुशार होती हो, पण टिकली नाही.’ ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी अण्णाभाऊंवर एक पुस्तकही संपादित केले आहे. मी त्यांना विचारले, सर, सही कुणाकडे होती? ते म्हणाले, तू विषय भलतीकडे नेतेस.

ती आता साताऱ्याकडे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. नऊ महिन्यांची फेलोशिप तिच्या खात्यावर जमा झाली, ती प्रवेश रद्द केल्यानंतर चौथ्या महिन्यात.